होकायंत्राची पिशवी

मी, काशिनाथ, भूगोल शिकवण्यात उभी नोकरी घालवली. आमच्या शेळवणच्या हायस्कुलातून बाहेर पडलेली मुलं पृथ्वी कुठून कुठे फिरते ते माझ्याकडून शिकली. पण मला स्वतःला दिशा कळत नाहीत. फळ्यावर कळतात, वर उत्तर आणि खाली दक्षिण. फळा सोडला की संपलं. माझ्या वर्गाच्या खिडकीतून खाडी दिसायची. खाडी ती पश्चिम, एवढ्या भांडवलावर मी निवृत्तीपर्यंत आलो. मध्ये एका वर्षी माझा वर्ग बदलला, तेव्हा पहिल्याच तासाला मी सूर्य दक्षिणेला उगवायला लावला. मुलांनी तो वहीत उतरवूनही घेतला.

मसुऱ्याला आंगणेवाडीच्या जत्रेत तर कहर झाला. हात धुवायला म्हणून गेलो तो गर्दीत हरवलो. थोड्या वेळाने लाउडस्पीकरवर माझं नाव पुकारलं गेलं. माइकवर माझाच जुना विद्यार्थी होता. "शेळवणचे भूगोलाचे निवृत्त शिक्षक काशिनाथ सर जिथे असतील तिथून चौकशी कक्षाकडे यावे, त्यांच्या मिसेस वाट पाहत आहेत." त्याने 'भूगोलाचे' हा शब्द गाळला असता तर माझी काही तक्रार नव्हती. मी त्या कक्षाच्या बरोबर मागे उभा होतो आणि कक्ष कुठे आहे ते एका पोलिसाला विचारत होतो.

निवृत्त झाल्यावर मला एकच छंद लागला, सड्यावर चालायचा. सडा म्हणजे आमच्या गावामागचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. तिथे वारा असतो, गवत असतं आणि मला कोणी सर म्हणत नाही. इतकी वर्षं वर्गाच्या गोंगाटात काढलेल्या माणसाला ती शांतता किती गोड लागते ते सांगून कळायचं नाही. शिवाय लहानपणी मोठ्या भावाच्या मागून आणि लग्नानंतर रुक्मिणीच्या मागून चालत आलेला मी, सड्यावर पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे होतो. मागे कोणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

श्रावणात एकदा मी सड्यावर वाट चुकलो आणि भलत्याच गावात उतरलो. तिथून रिक्षा करून घरी आलो तेव्हा अंधार पडला होता. रुक्मिणी, म्हणजे माझी बायको, पायरीवर बसली होती. ती रडत नव्हती, ओरडलीही नाही. पण देवाकडे दिवा लावलेला नव्हता. आमच्या संसारात ती दिवा लावायला विसरलेली मी कधी पाहिली नव्हती. तो अंधारा देव्हारा बघून मला फार वाईट वाटलं.

"ह्याच्यापुढे सड्यार एकटे जावचा नाय," ती म्हणाली. "जायचा आसात तर बाबलीक वांगडा घेवन जावा."

"अगो, वाट चुकतली कोणाचीय."

"वाट चुकाक नाय. सड्यार चकवो आसा, तो माणसाक गोल गोल फिरयता. आणि तुमच्यासारको गिऱ्हाईक त्येका परत गावाचो नाय."

चकवा वगैरे काही नसतं हे मी तिला शास्त्रीय पद्धतीने समजावणार होतो. पण नुकत्याच रिक्षातून उतरलेल्या माणसाचं शास्त्र कोण ऐकणार?

बाबली आमचा शेजारी. माणूस सोन्यासारखा, पण सड्याच्या पायथ्याशी त्याने काजूच्या कलमांचा विषय काढला की तो परत पायथ्याशी येईपर्यंत संपत नाही. मी काही दिवस त्याच्याबरोबर चाललो. काजूबद्दल मला आता पुष्कळ माहिती आहे. मग मी चालायचंच सोडलं आणि घराच्या अंगणात माडाभोवती फेऱ्या मारू लागलो. तिथे चुकायचा प्रश्न नव्हता, पण तेच तेच माड बघून माझा चेहरा उतरत चालला होता, हे दिवाळीला पुण्याहून आलेल्या आमच्या मुलीच्या, इशिताच्या लक्षात आलं.

इशिता नोकरी सांभाळून डोंगर चढते. तिने आपल्या सॅकमधून एक चपटं, पारदर्शक होकायंत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. शाळेत मी होकायंत्राचं चित्र दर वर्षी काढायचो, पण खरं कधी हातात धरलं नव्हतं. शाळेच्या कपाटात एक होतं, त्याची सुई माझ्या आधीच्या सरांच्या काळापासून अडकलेली होती. तीच काय ती माझी गुरू.

"बाबा, ह्या छातीकडे आडवा धरूचा," इशिताने शिकवायला सुरुवात केली. "हो वरचो बाण जायचा आसा तिकडे. मगे ही चकती फिरवची आणि लाल टोक लाल खुणेत बसयचा. आता तुमी आंगान फिरा, पण लाल टोक खुणेतून हलाक देव नका. बाण सांगता तिकडे चला."

ऐकायला सोपं होतं. मी पहिल्या दिवशी चकतीबरोबर स्वतःही फिरलो. दुसऱ्या दिवशी यंत्र उलटं धरलं आणि थेट विहिरीच्या कठड्यावर आदळलो. इशिताने मग परीक्षा जरा अवघड केली. डोक्यावरून टॉवेल घ्यायचा, फक्त हातातलं यंत्र दिसेल एवढीच फट ठेवायची आणि ओसरीवरून गोठ्यापर्यंत जायचं. मी गेलो. शेणाचा वास आला तेव्हा आनंदाने टॉवेल काढला. समोर बाबली म्हशीखाली बसला होता.

"मास्तरानू, खंय चललात?"

"गोठ्यात."

"गोठो ह्योच. पण माजो."

इशिता एकदाही हसली नाही, हे तिच्या आईकडून आलेले संस्कार. "बाबा," ती म्हणाली, "तुमच्या मनाक काय वाटता ता इचारू नका. सुई काय सांगता ता बघा. मन चुकता, सुई चुकना नाय." हे वाक्य मी मनात पक्कं कोरून ठेवलं. माझ्या मनाची कामगिरी बघता त्याला बाजूला सारायला मला काहीच जड गेलं नाही. आणि खरं सांगतो, ती पुण्याला परत जाईपर्यंत मी टॉवेल घेऊन आमच्याच गोठ्यात पोचू लागलो. उत्तर म्हणजे आमच्या विहिरीमागचा फणस, हे मला आता झोपेतही सांगता आलं असतं.

रुक्मिणी हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. इशिता गेल्यावर तिने आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याची एक पिशवी शिवली, यंत्र ठेवायला. जाड दुहेरी तळाची, गळ्यात अडकवायला नाडी आणि यंत्र हरवू नये म्हणून आतून दोरीने बांधलेलं. शिवताना ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, माझ्या नावाने बोटं मोडते आहे.

मार्गशीर्षात आमची गावपळण आली. ग्रामदेवता रवळनाथाचा कौल झाला की दर काही वर्षांनी अख्खं शेळवण तीन दिवस, तीन रात्री गाव सोडून शिवेबाहेर राहतं. गुरं, कोंबड्या, मांजरं, कुत्री सगळी बरोबर. मागे गावात कोणी राहायचं नाही, आणि देवाचा परतीचा कौल होईपर्यंत कोणी शिवेच्या आत पाऊल टाकायचं नाही. गाव त्या दिवसांत फक्त देवाचा. आम्ही पूर्वेला शिवेपलीकडे, सड्याच्या कडेला झावळांच्या खोपी घातल्या. रात्री भजनं, दिवसा गप्पा, मुलांना शाळा नाही. सगळ्या गावाची ती सहलच असते.

आमच्या खोपीपासून सरळ उत्तरेला, सड्यावर, एक तळी, म्हणजे छोटं तळं, आहे. पहिल्या संध्याकाळी मी धीर करून रुक्मिणीकडे विषय काढला. ती बराच वेळ चुलीतलं लाकूड सारत राहिली. मग म्हणाली, "उद्या सकाळी तळयेर जावन जेवक परत येवा. इलात तर तुमी मोकळे, मी परत एक शब्द बोलाचंय नाय. नाय इलात तर जल्मभर बाबली."

बाजूच्या खोपीतून बाबली हे ऐकत होता. त्याचा चेहरा आशेने उजळला.

सकाळी मी निघालो. मोबाईल बरोबर नव्हता, कारण त्याची बॅटरी रात्रीच्या भजनाचं चित्रीकरण करण्यात संपली होती. रुक्मिणीने पिशवी स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यात घातली आणि छातीवर थोपटली. मी शिवेच्या कडेला उभा राहून चकती फिरवली, लाल टोक लाल खुणेत बसवलं. हात जरा थरथरत होता, म्हणून पिशवी घडी करून चुंबळीसारखी तळहातावर घेतली आणि तिच्यावर यंत्र ठेवलं. सुई जरा सरकली, ती चकती फिरवून पुन्हा खुणेत बसवली. आता ते कसं छान स्थिर राहिलं.

इतकं स्थिर की मला आश्चर्य वाटलं. अंगणात मी जरा कुठे कललो की सुई लगेच पळायची. सड्यावर मात्र मी थोडाफार फिरलो तरी ती खुणेला धरूनच असायची. याचा अर्थ सरळ होता. सरावाने माझी चाल आता इतकी नेमकी झाली होती की सुईला हलायला कारणच उरलं नव्हतं. मला इशिताची आठवण आली. तिने हे बघायला हवं होतं.

सूर्य पाठीवर होता. सकाळी उत्तरेला निघालेल्या माणसाच्या तो उजव्या खांद्यावर हवा, हे पाचवीतल्या मुलालाही कळतं. पण मी पाचवीतला मुलगा नव्हतो, मी भूगोलाचा शिक्षक होतो. मार्गशीर्ष म्हणजे दक्षिणायन. दक्षिणायन म्हणजे सूर्य दक्षिणेकडे. आणि उत्तरेला जाणाऱ्याची दक्षिण कुठे असते? पाठीवर! हा खुलासा मला इतका आवडला की तो मी स्वतःला मोठ्याने समजावून सांगितला. पुढे लांबवर पाणी चमकलं. तळी अंदाजापेक्षा बरीच मोठी निघाली, एवढंच मनात आलं. त्या पाण्यात एक ट्रॉलर होता, त्याच्याकडे मी दुर्लक्ष केलं. मन चुकतं.

मग उतार लागला. तळीकडे जाताना उतार कसा, असं मनाने विचारलं, त्याला मी गप्प केलं. करवंदीच्या जाळ्यांतून खाली आलो तर एक गाव लागला. टुमदार गाव, झाडलोट केलेली अंगणं, दारांना कड्या. मी मागच्या अंगाने शिरत होतो. एका घरी पाणी मागावं म्हणून हाक मारली. कोणी ओ दिली नाही. दुसऱ्या घरीही नाही. कुत्रं भुंकलं नाही, कोंबडी नाही, कुठे धूर नाही. मी सोडून कोणी हलत नव्हतं. मला वाटलं, यांचीही गावपळण आहे की काय? बघा योगायोग.

आणखी थोडा पुढे गेलो तर एका अंगणात दोरीवर निळ्या चौकड्यांचा टॉवेल वाळत होता. निघताना तो काढून घ्या, असं रुक्मिणीने मला पुन्हापुन्हा सांगितलं होतं.

हे खोटं सांगत नाही, मी चकव्याला भीत नाही असं म्हणणारा माणूस, भर उन्हात माझे दात दातांवर आपटू लागले. ज्या गावात या दिवसांत माणसाने असू नये, त्याच्या मध्यभागी मी एकटा उभा होतो. माझ्याच दाराची कडी माझ्यासमोर होती आणि तिला हात लावायची माझी छाती झाली नाही. मी देवाला हात जोडले. "मी तळीवर चाललो होतो," एवढंच म्हणालो.

पळून जायचं तर कुठल्या बाजूने, हाच प्रश्न. मी यंत्र बघितलं. लाल टोक आमच्या ओसरीकडे दाखवत होतं. मी गर्रकन वळलो. ते आता गोठ्याकडे दाखवू लागलं. उत्तर म्हणजे फणस. माझ्या आयुष्यात मला खात्रीने ठाऊक असलेली ती एकच उत्तर होती, आणि यंत्र तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं. मी दोरी सोडून यंत्र विहिरीच्या कठड्यावर ठेवलं आणि पिशवी हातात धरून मागे सरलो. सुई थरथरली, वळली आणि फणसावर जाऊन स्थिर झाली. पिशवी जवळ नेली तशी ती पुन्हा पिशवीकडे धावली.

मी पिशवीचा तळ चाचपला. दोन पदरांच्या मध्ये एक जाडजूड, बोटभर लांबीचं काहीतरी शिवलेलं होतं. उसवून बघायची गरज नव्हती. आरोंद्याला रुक्मिणीच्या माहेरी जुन्या दाराचा एक खिळा होता. लोखंड जवळ असलं की वाईट शक्ती अंगाला शिवत नाही म्हणून तो इशिता झाली तेव्हाच्या बाळंतपणात तिने उशाखाली ठेवला होता, आणि पुढे इशिताच्या प्रत्येक परीक्षेला तिच्या दप्तरात. आता तो माझ्या छातीवर होता.

आधी मला संताप आला. मग पायरी दिसली, जिच्यावर ती श्रावणातल्या त्या संध्याकाळी बसली होती. संताप टिकला नाही.

पिशवी मी मागच्या खिशात कोंबली. यंत्र उघड्या तळहातावर घेतलं, चकती फिरवून पूर्व लावली आणि निघालो. हात थरथरत होता, सुईही थरथरत होती, पण आम्ही दोघंही खरं बोलत होतो. टॉवेल तिथेच राहू दिला. सड्याच्या कडेला शीव ओलांडली तिथे बाबली बकरी चारत होता.

"मास्तरानू! खंयसून इलात?"

"पश्चिमेसून," मी म्हणालो. विचारल्याबरोबर बरोबर दिशा सांगण्याची माझी ती पहिलीच वेळ.

बाबलीने पश्चिमेकडे बघितलं. "पश्चिमेक तर आपलो गाव," तो म्हणाला, आणि त्याच्या हातून बकरीची दोरी सुटली.

थोड्याच वेळात सगळी वस्ती गोळा झाली. गावचे मानकरी तात्या, बाबलीचे चुलते, खाटेवरून उठून आले. रुक्मिणी बायकांच्या पुढे उभी होती. माझ्या गळ्यात पिशवी नाही हे तिने सगळ्यात आधी पाहिलं.

"मास्तरानू, वाट खंयची धरूची होती?" तात्यांनी विचारलं.

"उत्तरेची."

"आणि गेलात?"

"पश्चिमेक."

तात्यांनी मागच्या तरण्या पोरांकडे बघितलं. "पोरांका काय शिकयलात ओ?"

मागे उभे असलेले माझे माजी विद्यार्थी खोकले. "लोखंड जवळ आसला तर सुई फिरता, ता सरांनीच शिकयलेला," त्यांतला एक पुटपुटला. खिळ्याबद्दल मी काही बोललो नाही. यात मोठेपणा नव्हता. रुक्मिणीविरुद्ध साक्ष द्यायची मला सवयच नाही, आणि दिली असती तरी कोणी ऐकली नसती. "चुकलंय," एवढंच म्हणालो. बाबली पुढे होऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "उद्यापासून मी आसय." मी मान हलवली. डोळ्यांसमोर सडा, त्याचा वारा, त्याची शांतता आणि काजूची कलमं.

"त्येंची चूक नाय." रुक्मिणी बोलली. एवढ्या लोकांसमोर ती कधी बोलत नाही. "पिशयेत खिळो मिया शिवलंय. लोखंडान सुई फिरता ता माका ठावक नाय होता. चकवो लागा नये म्हणान घातलंय, आणि मियाच त्येंचो चकवो झालंय."

कोणी हसलं नाही. तिचे डोळे भरून आले होते. मी खिशातून पिशवी काढून तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "खिळो सुयेपासून लांब व्हयो, बाकी काय नाय."

तात्यांनी नारळ मागवला. गावाकडे तोंड करून ते उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, रवळनाथा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव.

"आज ह्या तुज्या लेकरान, काशिनाथान, तुजी शीव ओलांडली. मुद्दाम नाय, वाट चुकान."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या बायलेन मायेपोटी खिळो घातल्यान, ता मनात आणू नको."

"व्हय म्हाराजा!"

"आणि उभो जल्म भूगोल शिकयल्यान, तेका आता तरी दिशा समजांदे!"

"व्हय म्हाराजा!!" हा शेवटचा होकार इतका जोरात झाला की झाडावरचे कावळे उडाले. त्यात माझ्या विद्यार्थ्यांचे आवाज मला वेगळे ओळखू आले.

मी पैज हरलो होतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी बाबली काठी घेऊन आमच्या खोपीसमोर हजर झाला. रुक्मिणी बाहेर आली. पिशवीचा तळ उसवून तिने दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने पुन्हा शिवला होता. ती तिने माझ्या गळ्यात घातली.

"बाबल्या, तू बकरीकडे बघ जा," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "जावा. जेवक येवा."

मी गेलो. लाल टोक पळत होतं, मी त्याच्यामागे वळत होतो, आणि सूर्य मुकाट्याने माझ्या उजव्या खांद्यावर होता. तळी लागली. अगदी लहान, कडेला शेवाळ, मध्ये कमळाची चार पानं. तिला समुद्र समजलो होतो की समुद्राला ती, याचा विचार करत मी दगडावर बसलो. कोणी सर म्हटलं नाही, कोणी काजू म्हटलं नाही. मग चकती उलट फिरवली आणि परत निघालो.

खोपी लांबून दिसल्या तेव्हा रुक्मिणीही दिसली. वस्तीच्या कडेला एका उंच धोंड्यावर ती उन्हात उभी होती. मी जवळ गेलो तरी खाली उतरली नाही.

"इलात?"

"इलंय."

"भाकरी थंड झाली."

मी तिला उतरायला हात दिला. तिने डावा हात पुढे केला. उजव्याची मूठ घट्ट मिटलेली होती. मी ती उघडली तर आत खिळा. तळहातावर त्याचा खोल वळ उठला होता आणि घामाने गंज सगळ्या रेघांत उतरला होता.

"सकाळपासून धरलंस गो?"

"मगे?" ती म्हणाली. "तुमच्या सुयेपासून लांब व्हयो म्हणालात. पण कोणीतरी धरूक व्हयो ना?"